कंबरेचा कसा आणि कागदाची हुंडी

सुरतेच्या महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय ज्या जुन्या वास्तूत आहे, तिला मुगलसराई म्हणतात. कामानिमित्त तिच्या पायऱ्या चढणाऱ्या आपणांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, शाहजहानच्या कारकिर्दीत, १६४४ साली, ही इमारत मुख्यतः मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंची व परगावच्या व्यापाऱ्यांची धर्मशाळा म्हणून बांधली गेली. जहाज सुटण्याची, वारा फिरण्याची वाट पाहत कुटुंबेच्या कुटुंबे येथे आठवडेच्या आठवडे राहत. सामानसुमान बांधून झाले, निरोपानिरोपी झाली, की त्या दालनांतून एक प्रश्न खात्रीने विचारला जात असला पाहिजे : ‘पैसे कोठे ठेवावयाचे?’

तोच प्रश्न आज पुन्हा आपल्या घरांतून ऐकू येऊ लागला आहे. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप, अथवा विमानाने सिंगापूरला जाऊन तेथून पुढे आठ दिवसांची समुद्रसफर, ही गोष्ट आता केवळ धनिकांची राहिलेली नाही. सेवानिवृत्तीच्या पैशांतून, मुलांनी दिलेल्या भेटीतून, सुरतेतील मराठी मंडळीही अशा सफरींस निघतात. तिकीट आगाऊ काढलेले असते. जेवणखाण त्यात आलेले असते. तरीही वरखर्चाची रक्कम लागतेच. ती किती न्यावी आणि कशी सांभाळावी, याविषयी मात्र प्रत्येक घरात वेगळे मत असते. आजी म्हणते, परकराच्या नेफ्यात शिवून घे. मुलगा म्हणतो, कार्ड आहे ना! आणि या दोन मतांच्या मध्ये कोठे तरी पिशवी हरवते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझी थोरली बहीण आणि भाऊजी दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून निघणाऱ्या एका जहाजाने सफरीस गेले. भाऊजींचा स्वभाव शिस्तीचा. दोघांची दोन कार्डे, सगळे डॉलर, कार्डांचे क्रमांक लिहिलेली वही, असे सर्व काही त्यांनी एका चामडी पिशवीत नीट लावून ठेवले होते आणि ती पिशवी क्षणभरही खांद्यावरून उतरवावयाची नाही असा नेम केला होता. पेनांगला उतरून गाव पाहून आल्यावर उकाड्याने जीव हैराण झाला म्हणून टॅक्सीत त्यांनी ती मांडीवरून बाजूला ठेवली, आणि धक्क्यावर उतरताना ती तेथेच राहिली. टॅक्सी गर्दीत दिसेनाशी झाली. जहाज सुटावयास दीड तास उरला होता.

ताई सांगते, ‘पैसे गेले याचे मला तितके वाटले नाही. पण त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, माझ्या हातात एक रुपया नाही, माझ्या नावचे कार्ड कोणते हेही मला ठाऊक नाही, आणि यांच्या कपाळावर घाम आला आहे. यांना काही झाले असते तर मी काय केले असते?’

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. तूर्त एवढेच म्हणतो की, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुरतेच्या माणसाने फार लांब जावयास नको. समुद्रावर पैसा कसा न्यावा, याचा विचार या गावाने जितका केला तितका हिंदुस्थानातील फार थोड्या गावांनी केला असेल.

चांदीचे ओझे

प्रथम हे लक्षात घ्यावे की, पूर्वीचा पैसा जड होता. मोगली रुपया म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदी. शंभर रुपये म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. हजार रुपये म्हणजे साडेअकरा किलो. कंबरेच्या कशात, कनवटीला किंवा बटव्यात माणूस नेणार तरी किती? पन्नास-पाऊणशे रुपयांपलीकडे कसा चालताना टोचू लागे, आणि टोचणारा कसा चोराच्या नजरेस लगेच पडे. सोन्याची मोहोर हलकी खरी. परंतु वाटेत ती मोडावयास सराफाकडे जावे लागे, आणि सराफाच्या पेढीवर मोहोर मोडणारा परका माणूस सर्वांच्या लक्षात राही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, ही कथा त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. मिळवलेले द्रव्य लुटीत गेले. घरी आली ती गंगाजलाची कावड. गंगाजल कोणी लुटीत नाही, कारण ते दुसऱ्याच्या उपयोगाचे नसते. गंमतीने म्हटलेली ही गोष्ट पुढील विवेचनाची गुरुकिल्ली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

समुद्रावर तर भय अधिक. जमिनीवर लुटला गेलेला मनुष्य निदान जवळच्या गावात जाऊन भाकर मागू शकतो. बाबर बादशहाची कन्या गुलबदन बेगम १५७६ साली सुरतेहून हजला निघाली, तेव्हा पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत बादशाही घराण्यातील त्या स्त्रियांना या गावी जवळजवळ वर्षभर खोळंबावे लागले होते. समुद्रावर सत्ता ज्याची, त्याच्या कागदावाचून जहाजाला वाट नव्हती.

‘गंज-ए-सवाई’ची लूट

समुद्रावर रोकड नेण्याचे सर्वांत भयंकर उदाहरण सुरतेच्याच इतिहासात आहे. औरंगजेबाच्या मालकीचे ‘गंज-ए-सवाई’ नावाचे प्रचंड जहाज दर वर्षी यात्रेकरू व व्यापारी घेऊन अरबस्तानात जाई. १६९५ च्या सप्टेंबरात ते परत येत असता हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने त्यावर घाला घातला. त्याआधी सुरतेचा मातबर व्यापारी अब्दुल गफूर याचे ‘फतेह मुहम्मद’ हे जहाज त्याने लुटलेच होते. इतिहासकार खाफीखान लिहितो की, ‘गंज-ए-सवाई’वर ऐंशी तोफा व चारशे बंदुका होत्या आणि हिंदी माल मोखा व जेद्दा येथे विकून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी होते. एक तोफ डागताना फुटली, इंग्रजांच्या गोळ्याने डोलकाठी कोसळली, आणि पुढे जे घडले ते लुटीपुरते राहिले नाही. जहाजावरील स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. कित्येकींनी समुद्रात उड्या घेतल्या. सुरतेत बातमी येताच लोक इतके प्रक्षुब्ध झाले की, इंग्रजांच्या वखारीतील सर्व मंडळींना कैदेत ठेवावे लागले.

बावन्न लाख रुपये! ते सगळे चांदीच्या नाण्यांतच असते, तर त्यांचे वजन साठ टनांच्या घरात गेले असते. ऐंशी तोफाही त्याचे रक्षण करू शकल्या नाहीत. रक्षक वाढविले की चोर घाबरतो, हा समज येथे खोटा ठरला. रोकड ज्याच्या हाती पडेल त्याची होते. म्हणून जितकी ती मोठी, तितका तिच्या मागे लागणाराही मोठा.

कोणी विचारील, मग या व्यापाऱ्यांनी हुंडी का केली नाही? सुरत तर हुंडीचे माहेरघर! याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. हुंडी पैसा वाहून नेत नाही. दोन गावांचे परस्परांतील देणे-घेणे ती कागदावर वळते करते. सुरतेचा सराफ आग्ऱ्यावर हुंडी लिहू शकतो, कारण आग्ऱ्याच्या कोणा ना कोणा व्यापाऱ्यास सुरतेत पैसे द्यावयाचे असतात. अरबस्तानचा व्यवहार मात्र एकतर्फी होता. तिकडचे लोक गुजरातचे कापड भरमसाट घेत. त्या बदल्यात देण्याजोगा माल त्यांच्याजवळ थोडा. उरलेली फेड चांदीनेच करावी लागे. जेथे देणे-घेणे जुळत नाही, तेथे नाणे हलावेच लागते. आणि जेथे नाणे हलते, तेथे एव्हरी येतो.

चोराच्या कामास न येणारा कागद

देशांतर्गत व्यवहारात मात्र सुरतेने ही अडचण फार पूर्वीच सोडविली होती. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने सुरतेवर लिहिल्या जाणाऱ्या हुंड्यांचे दरच दिले आहेत : लाहोरहून शेकडा सव्वासहापर्यंत, आग्ऱ्याहून सव्वाचार ते पाच, बऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, अहमदाबादहून एक ते दीड. यालाच आपल्याकडे हुंडणावळ म्हणत. दर चढे वाटतात; पण त्याचे कारणही तो देतो. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडत. म्हणजे या हुंडणावळीत व्याज होते, अंतर होते आणि विमाही होता. याच जातीच्या हुंडीला पुढे ‘जोखमी हुंडी’ असे नाव मिळाले. माल सुखरूप पोहोचला तरच ती देय होई.

परंतु प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत चतुर ती ‘शाहजोग’ हुंडी. तिचे पैसे कोणाही आणणाऱ्यास मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला चार लोक ओळखतात, अशा ‘शहा’च्या हातूनच ती वटत असे. चोराने ती पळविली तरी तो ती घेऊन पेढीवर जाणार कसा? आणि सराफाने चौकशी न करता भलत्यास पैसे दिलेच, तर भुर्दंड सराफाच्या माथी. हुंडीतील आकडाही असाच बंदोबस्ताने लिहीत. शंभर रुपयांच्या हुंडीत ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर’ अशी धाटणी असे. एका शून्याची लबाडी करावयाची तर निम्मेही बदलावे लागे, आणि अक्षर लगेच चुगली करी.

हुंडी हरवली तर? त्याचीही सोय होती. मूळ हुंडी लिहिणारा सराफ ‘पेठ’ म्हणून दुसरी प्रत देई. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. त्यांपैकी एक वटली की बाकीच्या आपोआप निकामी. वटलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत आणि सराफ तो जपून ठेवी. इंग्रजी अमदानीत १८८१ साली चलनी दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हासुद्धा देशी भाषांत लिहिलेल्या अशा कागदांविषयीच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही.

गंगाजलाची कावड आठवावी. ‘दुसऱ्याच्या उपयोगाचे नसणे’ हेच तिचे कुलूप होते. हुंडीचे रहस्य तेच आहे. धन लपविण्यापेक्षा ते चोराला निरुपयोगी करून ठेवणे अधिक श्रेयस्कर, हा सुरतेच्या सराफांचा सिद्धान्त होता.

नरसी मेहतांची हुंडी तर घरोघरी ठाऊक आहे. प्रेमानंदाने ती गुजरातीत गायिली आणि आपल्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त नरसींचे चरित्र मराठी घरांत आणून पोहोचविले. द्वारकेच्या वाटेवर लुटारूंचे भय, म्हणून यात्रेकरू जुनागडात हुंडी करून मागतात. टवाळखोर त्यांना निष्कांचन नरसींचे घर दाखवितात. नरसी सातशे रुपये घेऊन द्वारकेच्या शामळशा शेठच्या नावे हुंडी लिहून देतात आणि साक्षात भगवंत ती सकारतो. भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी कथेतील व्यवहार किती खरा आहे पाहा! यात्रेकरूंना चिंता वाटेची होती. आणि कागद घेतल्यावर चिंता उरली ती एवढीच, की पलीकडे कोणी ओळखेल ना? हुंडीचा सगळा प्रश्न हा पलीकडच्या माणसाचा असतो.

पश्चिमेकडेही प्रवासी याच मार्गाने गेले. अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ साली काढलेला प्रवासी धनादेश, म्हणजेच ट्रॅव्हलर्स चेक, ही शाहजोग हुंडीचीच धाकटी बहीण. घेताना एक सही, वटविताना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे, आणि हरवला तर बदली मिळे. आपल्या मागच्या पिढीने परदेशी जाताना हेच चेक नेले. आता ते व्यवहारातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत आणि त्यांची जागा कार्डाने घेतली आहे.

जहाजावरची आजची रीत

आता आपल्या सफरीकडे वळू. आजच्या मोठ्या प्रवासी जहाजांवर बहुतेक ठिकाणी रोकड चालतच नाही. चढताना प्रत्येकास एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खातेवही. चहा, दुकान, सहली, सर्व काही त्यावर मांडले जाते. शेवटी एकत्र हिशेब होतो. खाते बँकेच्या कार्डाशी जोडता येते किंवा अनेक जहाजांवर आरंभी रोख अनामत भरता येते. ही जहाजापुरती शाहजोग हुंडीच आहे. त्या कार्डावर छायाचित्र नोंदलेले असल्याने परक्याला त्याचा फारसा उपयोग नाही. हरवल्यास स्वागतकक्षात तत्काळ सांगावे. जुने रद्द होऊन ‘पेठ’ मिळते.

येथे भय चोराचे नाही, आपलेच आहे. नाणे हातातून जाताना दिसते. कार्डावरची नोंद दिसत नाही. म्हणून रोज रात्री स्वागतकक्षात किंवा खोलीतील पडद्यावर खाते पाहावे. मुलांच्या कार्डास मर्यादा घालून घ्यावी. अनेक कंपन्या सेवकांची बक्षिसी दर दिवसाच्या हिशेबाने खात्यात आपोआप घालतात. ती किती हे तिकीट काढतानाच विचारून ठेवावे.

खरा पैशाचा प्रश्न उद्भवतो तो बंदरावर उतरल्यावर. तेथे थोडी रोकड लागते : टॅक्सी, शहाळे, देवळातील पेटी, एखादी लहानशी खरेदी. यासाठी भारतातून नेता येणाऱ्या रकमेचे नियम आहेत. बहुतेक देशांसाठी परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासास ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात; अधिक रक्कम बँकेच्या परकीय चलनाच्या कार्डावर, म्हणजे फॉरेक्स कार्डावर, भरून न्यावी लागते. भारतीय नोटा, नेपाळ व भूतान वगळता, २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. परत आल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत बँकेस परत करावयाचे असते. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवण्यास मुभा आहे. नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडून ‘तिकडे पैसे मिळतील’ अशी व्यवस्था मात्र कोणीही करू नये. जुन्या हुंडीचे नाव घेऊन चालणारा परदेशी हवाला आज कायद्याने गुन्हा आहे. सुरतेत असे सुचविणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

कार्डाविषयी दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नव्याने दिलेले कार्ड मुळात देशातच चालते. परदेशातील वापर आपणच चालू करावा लागतो आणि मर्यादाही आपणच घालू शकतो. निघण्याच्या दोन दिवस आधी तो चालू करावा, परतल्यावर बंद करावा. दुसरी गोष्ट, तिसऱ्याच कोणी लबाडीने पैसे काढले आणि चूक आपली वा बँकेची नसेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास तोशीस आपल्यास लागत नाही, असा २०१७ चा आदेश आहे. मात्र आपणच पिन सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान आपले. उशीर हा येथे खरा शत्रू होय. आणि भर समुद्रात मोबाइल लागत नाही किंवा जहाजाच्या उपग्रहामार्फत फार महाग पडतो, हे विसरू नये. फोनवरून पैसे देण्याची आपली नेहमीची सवयही तेथे लंगडी पडते.

दुकानदाराचे यंत्र कधी विचारते, ‘रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात?’ रुपये पाहून मन तिकडे ओढ घेते; पण बहुधा त्यातील वटणावळ अधिक असते. स्थानिक चलनच निवडावे.

तीन जागा, दोन माणसे

वरखर्चाची रक्कम किती न्यावी, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. ती कशी विभागावी, याविषयी मात्र माझे मत आता ठाम झाले आहे.

पहिले, पैशाच्या तीन जागा असाव्यात. दिवसाच्या खर्चापुरती लहान नोटांची रक्कम हाताशी. एक कार्ड व थोडी रक्कम अंगावर, कपड्यांच्या आत. उरलेले सर्व खोलीतील तिजोरीत. बंदरावर उतरताना दुसरे कार्ड तिजोरीतच राहिले पाहिजे. तिजोरीचा आकडा जन्मतारखेचा नको, आणि तो पाकिटात लिहिलेला तर मुळीच नको. उतरण्याच्या सकाळी तिजोरी रिकामी केली की नाही हे दोघांनी पाहावे. घाईत तेथेच विसरणारेही पुष्कळ असतात.

दुसरे, प्रत्येक गोष्ट दोन माणसांना ठाऊक असावी. घरातील गृहिणीच्या नावाचे कार्ड तिच्याच जवळ असावे, तिने ते निघण्यापूर्वी एकदा स्वतः वापरून पाहावे आणि तिचा पिन तिला पाठ असावा. नवऱ्याच्या पिशवीत ठेवलेले बायकोचे कार्ड हे दुसरे कार्ड नव्हे. आपल्या घरांतून प्रेमापोटी, काळजीपोटी आपण स्त्रियांना या व्यवहारापासून दूर ठेवतो, आणि प्रवासात एखादा मनुष्य आजारी पडला की ते प्रेमच त्यांना निराधार करते.

तिसरे, कार्डांचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचे तक्रारीचे दूरध्वनी क्रमांक घरी एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवावेत. हीच आपली ‘पेठ’. पूर्ण क्रमांक आणि पिन मात्र कोणत्याही वहीत नको.

आजीच्या नेफ्याला मी नावे ठेवणार नाही. अडीअडचणीसाठी एक-दोन नोटा शिवून घेतल्या तर ते शहाणपणच आहे. परंतु नेफा हा शेवटचा आसरा असावा, पेढी नव्हे.

पेनांगनंतर

आता ताईची हकीकत पुरी करतो. जहाजावर परतल्यावर स्वागतकक्षातील मुलीने त्यांना घरी दूरध्वनी लावून दिला. वही पिशवीबरोबर गेली होती. तरी भाच्याने इकडे बँकेशी धावपळ करून तासाभरात कार्डे बंद करविली. पारपत्रे सुदैवाने तिजोरीत होती. जहाजावरील खात्यासाठी भाऊजींनी चढतानाच रोख अनामत भरली होती. ती जेमतेम खर्चाइतकी ठरली. पुढचे दिवस निभावले. पण शेवटच्या सकाळी सिंगापूरला उतरल्यावर विमान रात्रीचे, आणि दोघांच्या खिशात एक पैही नाही.

भोजनाच्या टेबलावर शेजारी बसणारे एक जोडपे होते : मूळचे अमळनेरकडचे, आता उधन्यास स्थायिक झालेले निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी. पाच दिवसांची ओळख. त्यांनी या दोघांना आपल्याबरोबर घेतले, टॅक्सीचे, जेवणाचे सर्व पैसे दिले आणि विमानतळापर्यंत सोबत केली. भाऊजी संकोचून म्हणाले, ‘गुरुजी, मी चिठ्ठी लिहून देतो.’ गुरुजी हसून म्हणाले, ‘चिठ्ठी कशाला, साहेब? आपण दोघेही सुरतेचेच ना?’

परतल्यावर तिसऱ्याच दिवशी भाऊजी उधन्याला जाऊन पैसे देऊन आले. ताई बरोबर गेली होती. त्यानंतर तिने पहिले काम केले ते बँकेत जाऊन आपले कार्ड आपल्या हाती घेण्याचे. आणि तेथल्या यंत्रातून तिने स्वतः पाचशे रुपये काढले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. ती नोट तिने खर्च केलेली नाही. देवघरातील डबीत ठेवली आहे.

सुरतेचे सराफ हुंडी घेणाऱ्याचा चेहरा पाहत, तो याच कारणासाठी. कागद कितीही पक्का असला, तरी पलीकडे ओळखणारे कोणी असावे लागते. प्रवासास निघताना पैशाच्या तीन जागा अवश्य कराव्यात. आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरील मंडळींना ‘आपण कोठले?’ एवढे जरूर विचारावे.